हवा कोण काढतं

कोठ्यात ट्रॅक्टर पुन्हा एका अंगावर कलला होता, आणि आज उजव्या.

काल संध्याकाळी भोजराजनं मुद्दाम त्याचं तोंड फिरवून लावलं होतं. रोज उजवं चाक भिंतीला लागून असायचं आणि डावं मोकळ्या बाजूला, आणि रोज बसायचं ते डावं. त्याची ट्यूब बाहेर काढून, बैलांच्या जुन्या डोणीत बुडवून, बुडबुडा शोधून शोधून भोजराजचे डोळे फुटायची वेळ आली होती. म्हणून काल त्यानं डावं भिंतीकडे घातलं. खोट ट्यूबमध्ये असती तर आज डावंच बसायला हवं होतं. डावं टणटणीत उभं होतं. बसलं होतं उजवं, म्हणजे माणसाच्या हाताला येणारं. आणि हवा भरायच्या तोंडाची, वॉलची, पितळी टोपी खाली तणसात, भाताच्या पेंढ्यात, पडलेली होती.

टोपी आपोआप फिरून पडत नाही. एवढं कळायला आसामात लढाईभर फौजेच्या लॉऱ्या हाकाव्या लागत नाहीत. भोजराजनं तर त्या हाकल्या होत्या.

"दादा!" त्यानं अशी हाक मारली की गल्लीतली कुत्री उठली.

उदाराम सपरीवरून, घरापुढच्या ओसरीवरून, खाली उतरला. तोंडात कडुलिंबाची काडी होती. दोघा भावांत बरंच अंतर. वडील गेले तेव्हा धाकट्याला कडेवर घेऊन भाताच्या बांधीत नेणारा हाच.

"बसला?"

"बसवला." भोजराजनं टोपी त्याच्या नाकासमोर धरली. "हे कोणं काढली?"

"मले काय मालूम? तुह्या यंत्राची टोपी तू पाह्य."

"मी कोठ्यात झोपतो तवा बसत नाही. सपरीत झोपलो का बसते. काऊन बसते, दादा?"

"मले पुसून राहिला?"

"तुले सांगून राहिलो."

उदारामनं काडी थुंकली आणि तो न्हाणीकडे गेला. त्याचं हे असं होतं. तो भांडत नसे, निघून जात असे, आणि त्यामुळे समोरच्याला वाटे की याच्या पोटात काहीतरी आहे.

पोटात होतंही. गेल्या साली गुरांच्या बुळकांडी रोगानं दवनीवाड्यातले निम्मे कोठे रिकामे केले, त्यात या घरचे, रहांगडाल्यांचे, सगळे बैल गेले. उदारामचं म्हणणं होतं, एक वर्ष कसंही काढू, बाजारात बैल येतील. भोजराज फौजेतून सुटून आलेला, तो लढाईतल्या सामानाच्या लिलावातून हे रॉकेलवर चालणारं धूड घेऊन आला. आल्याबरोबर त्यानं बांध्यांवरची बोरीच्या काट्यांची सगळी कुंपणं उपटायला लावली, रबरात काटा जातो म्हणून. मग उघड्या पऱ्ह्यांत, भाताच्या कोवळ्या रोपांत, गावची गुरं शिरली आणि पहिली पेर खाऊन गेली. दुसऱ्यांदा पेरलेले पऱ्हे आता हातभर झाले होते. श्रावण अधिक आला, पाणी बांध्यांत तुडुंब होतं, फक्त रोवणीआधी नांगरून चिखल करणारा कोणी नव्हता. पऱ्ह्याला एकदा गाठ धरली की ते रोवलं काय आणि गुरांपुढं टाकलं काय, सारखंच. आणि चिखल झाला नाही तर या घरात पुढचं वर्षभर भात शिजणार नव्हता.

भोजराजनं अजून एक गोष्ट घरात सगळ्यांना ऐकू जाईल अशी सांगून ठेवली होती. यंदा ट्रॅक्टर हरला, तर तो पुन्हा गाडी हाकायला निघून जाणार होता, आणि या वेळी परत येणार नव्हता.

*

ही शेवटची गोष्ट ज्या एका जिवाला सर्वांत जास्त लागली, ती त्या वेळी बोडीवर, गावच्या तळ्यावर, होती. अधिकाचं स्नान चालू होतं. दोघांची माय धुरपताबाई ओल्या लुगड्यानं, नाव घेत घेत परत येत होती, त्यामुळे टोपीवरून झालेली खडाजंगी तिच्या कानावर पडलीच नाही.

बोडीवर तिला एकटीला जाऊ देत नसत. थोरली सून अनुसया बरोबर असे. बैल मेले त्या दिवसांत म्हातारी एकदा याच बोडीत गळ्यापर्यंत चालत गेली होती, आणि अनुसयानं तिला केसांना धरून ओढून काढलं होतं. का, तर पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकायचे असतात, पळसाच्या पानानं तूप-हळद लावून. आणि त्या साली ती तापानं पडली होती म्हणून ते राहून गेलं. पुढच्याच महिन्यात बैल खाली बसले. रोग सगळ्या तालुक्यात होता, ज्यांनी खांदे शेकले त्यांचेही बैल गेले होते, हे तिला उदारामनं सांगितलं, गुरांच्या डॉक्टरनं सांगितलं. तिनं ऐकलं आणि मान हलवली. मनातून तिनं बैल स्वतःच्या नावावर मांडले ते मांडलेच.

म्हणून ट्रॅक्टर आला तेव्हा तिनं ठरवलं, याला असं जाऊ द्यायचं नाही.

भोजराजचा हुकूम होता की त्याच्याशिवाय ट्रॅक्टरला कोणी हात लावायचा नाही. पण आई म्हणजे काय 'कोणी' असते? सडा घालायच्या आधी, उजाडायला लागलं की ती टोरीच्या, मोहाच्या बियांच्या, तेलाची वाटी घेऊन कोठ्यात जायची. पोरगा तिथं झोपलेला असला तर मागं फिरायची, कारण तो हसेल. नसला तर चाकाच्या काळ्या अंगाला तेल चोळायची. भिंतीकडच्या चाकापर्यंत हात पोचत नसे, म्हणून अलीकडचं. ते रबर तिला भेगाळलेलं, तहानलेलं दिसे. मग ती ती छोटीशी टोपी काढायची. आत एक बारीक तोंड होतं. तान्ह्या पोराची टाळू भरावी तसं ती त्यात तेल सोडायची आणि आत जावं म्हणून काडीनं हलकेच दाबायची. दाबलं की चाक 'फुस्स' करायचं, खांदा चोळताना बैल सोडतो तसा दमाचा सुस्कारा. तो ऐकला की तिला बरं वाटे. आपलं लावलेलं पोचलं, असं वाटे. टोपी परत बसवायची ती, पण तेलकट बोटांतून कधी निसटली तर अंधुक उजेडात तणसात सापडायची नाही.

चाकाची हवा कोणीतरी काढतं, हे पुढं तिच्या कानावर आलं, तेव्हाही तिच्या मनात आपल्या काडीची शंका आली नाही. आपण तेल चोळतो, हवा दुसरं कोणी काढतं, एवढंच तिला ठाऊक होतं. तिचा धाकटा मुलगा घरात राहावा, एवढ्यासाठी ती ते करत होती.

*

त्याच दिवशी धोंड्याच्या महिन्याचं म्हणून जावई आला. दोघा भावांची बहीण देवकाबाई आणि तिचा नवरा गुलाबचंद, बैलांच्या दमणीतून. घरात तांदूळ मोजून काढायचे दिवस, तरी अनुसयानं अनारसे तळले होते. जावयापुढं गरिबी दाखवायची नाही, ही या घरची शिस्त.

गुलाबचंद मोकळा माणूस. जेवताना त्यानं गोंदियाच्या बाजाराच्या गोष्टी सांगितल्या. स्वराज्य येणार म्हणून झेंड्याला कापड मिळेना, लोक जुनी लुगडी रंगवून राहिले, असं काही. कोणी हसलं नाही. तेव्हा तो सरळ मुद्द्यावर आला.

"उदारामभाऊ, माह्या दोन जोड्या रिकाम्या होऊन राहिल्या. माही रोवणी झाली. उद्या गड्यासंगं धाडून देतो. आठ दिवसांत तुमचा चिखल होते."

उदारामचा हात पानावर थांबला. "जवाई, तुमी बोलले हेच लय झालं." पण त्याच्या आवाजावरून कळत होतं की तो आतून हो म्हणून चुकला आहे.

"नाई," भोजराज म्हणाला. "बहिणीच्या घरचे बैल या बांधीत नाई येणार."

"काऊन नाई येणार?" देवका वाढता वाढता थांबली. "मी या घरची नोहो?"

"लेकीच्या घरचं घेत नसतात," धुरपताबाई म्हणाली. तिनं धाकट्याची बाजू घेतली, पण कारण तिचं वेगळं होतं. त्याच्या अभिमानाशी तिला काही घेणं नव्हतं. लेकीच्या घरचा घासही तिनं कधी खाल्ला नव्हता, बैल तर दूरच.

"आत्याबाई, पोरंबाळं काय खातील मंग?" अनुसया दाराआडून म्हणाली. ती सहसा बोलत नसे. ती बोलली म्हणजे उदारामच बोलला, असं भोजराजनं धरलं.

"बैल पाहिजेत ना तुमाले? म्हून त ट्रॅक्टर बसवून राहिले!"

"भोज्या," उदाराम म्हणाला.

"जवायासमोर होऊनच जाऊ दे आज. पयले काटे उपटले त तोंड वाकडं. मंग रोज हवा कमी. मी झोपतो तवा हवा राह्यते, मी नसलो का जाते. दादाले ट्रॅक्टर नोको होता. दादाले मी बी नोको."

गुलाबचंदनं पानावरून हात काढला. अशा वेळी जावयानं उठावं की बसावं, हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. देवका रडायला लागली.

उदाराम उठला. हात धुतला नाही. उष्टा हात तसाच बाजूला धरून तो आईजवळ गेला आणि डावा हात त्यानं तिच्या डोक्यावर ठेवला.

"मी त्या चाकाले कधी हात लावला असन, मी हवा काढली असन, त माही माय मरो."

धुरपताबाईनं वर पाहिलं नाही. तिच्या विरळ केसांवर थोरल्याचा जड हात होता आणि केसांना सकाळच्या तेलाचा वास होता. तिनं डोळे मिटून घेतले. पोरगा खरं बोलत असेल तर आपण वाचतो, एवढा सरळ हिशेब तिच्या मनात होता.

"झालं?" उदारामनं विचारलं.

"झालं," भोजराज म्हणाला. त्याचाही आवाज खाली आला होता. "आता मी राखण नाई करत. आज सपरीतच झोपतो. उद्या चाक उभं असलं, त मी तुह्या पायावर डोकं ठेवतो, सगळ्यांसमोर. नाई त मायवरची शपथ तू पाह्य."

त्याला खरंच वाटत होतं की चाक उभं राहावं. ते त्यानं कोणाला सांगितलं नाही.

*

सकाळी चाक बसलेलं होतं.

त्या पहाटे धुरपताबाईनं नेहमीपेक्षा जास्त तेल घातलं होतं. आजचा दिवस या चाकावर होता. दोन पोरांमधलं सगळं या चाकावर होतं. तिनं हात जोडून त्याला विनवलं होतं की बाबा, आज बसू नको. सुस्कारा मोठा आला, तिला वाटलं त्यानं ऐकलं.

आता ती कोठ्याच्या दारात उभी होती आणि तिचा थोरला मुलगा पाण्याचा गडवा घेऊन तिच्याकडे येत होता, रोजच्यासारखा, स्नानानंतर तिला पाणी द्यायला. तिनं गडवा हातानं बाजूला केला. पाणी जमिनीवर सांडलं.

"माय?"

"माह्या डोक्यावर हात ठेवून," ती म्हणाली. आणि तिनं चाकाकडे बोट केलं.

उदारामनं तिच्याकडे पाहिलं, मग चाकाकडे. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. आपली शपथ खरी असूनही खोटी ठरली, तर माणसानं कुठं जावं? तो शेताकडे निघून गेला.

भोजराजनं भावाच्या पाठीला उद्देशून जे बोलायचं ते बोलून घेतलं; ते इथं सांगण्यात अर्थ नाही. मग त्यानं लाकडाचे ठोकळे लावून ट्रॅक्टर उचलला. दोन्ही ट्यूबा आज गुलाबचंदच्या दमणीतून गोंदियाला न्यायच्या, तिथल्या दुकानात गरम ठिगळ लावून आणायचं, आणि परत आल्यावर कोठ्याला कुलूप, असं त्यानं ठरवलं होतं. लोखंडी टॉमी घालून त्यानं आधी डाव्या टायरची कड सोडवली, आतून हात फिरवून काटा नाही ना पाहिलं, ट्यूब बाहेर ओढली.

वॉल त्याच्या हातात आला. वॉलच. ट्यूब खाली पडली.

त्याच्या बुडाशी रबर फुगून लोण्यासारखं झालं होतं. बोट लावलं की बोटाला येत होतं. वॉलच्या आतली सुई काढली तर तिच्यावरचं रबरही गेलेलं. भोजराजनं घाईघाईनं दुसरं चाक सोडवलं, उजवं. त्याचाही वॉल तेलकट होऊन सुजायला लागला होता. फौजेत उस्तादानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, रबरला तेल म्हणजे विष, हात पुसल्याशिवाय ट्यूबला लावू नका. इथं तर तेल आत उतरलं होतं. कुठून?

त्यानं बोटं नाकाजवळ नेली. टोरी.

घरात टोरीचं तेल एकच माणूस वापरत होतं. लहानपणी ताप आला की याच वासाचा हात त्याच्या कपाळावर यायचा. फौजेत जाताना स्टेशनवर त्याच्या डोक्यावरून फिरलेला हात याच वासाचा होता. त्याला सगळं एकदम समजलं, टोपी, मोकळ्या बाजूचं चाक, आपण झोपलो की कोठ्यात न येणारं माणूस. तो डोणीच्या काठावर बसला आणि त्याला रडू आलं, पण रडायलाही त्याला लाज वाटली, कारण रात्री दादाचा तो उष्टा हात त्यानं पाहिला होता.

*

उदाराम पऱ्ह्यांच्या बांधीत उभा होता. एक रोप उपटून त्यानं नखानं चिरलं होतं. आत गाठ धरली होती.

"संपलं," तो मागं न पाहता म्हणाला. "आता बैल आणले तरी नाई होत. जवायाले सांग, नोको धाडू."

भोजराज बांधाच्या धुऱ्यावरून खाली उतरला आणि चिखलात त्याच्या पायाशी वाकला. उदारामनं त्याला दंडाला धरून उभं केलं. मग भोजराजनं हातातला वॉल पुढं केला.

"वास घे."

उदारामनं घेतला. पाण्यात बगळे चरत होते.

"माय?" उदारामनं शेवटी विचारलं.

"तेल लावून राहिली. आतमंधी सोडून राहिली. जपून राहिली त्याले." भोजराजनं वॉल मुठीत घेतला. "मी जातो अन् सांगतो तिले. तू खोटा नाई म्हून सांगतो. माह्यानं असं नाई पाहवत, दादा. तिनं तुह्या हातचं पाणी सांडवलं."

"अन् मंग?"

"मंग काय?"

"बैल गेले तवा तिचा काही दोष नव्हता. तरी बोडीत गेली. आता त खरंच तिच्या हातानं झालं. ट्रॅक्टर गेला, धान गेलं. ऐकून घरात बसंन ती?"

"मंग सांगू का वॉल आपोआप सडला. कोणाचा दोष नाई."

"कायनं सडला, पुसंन ती. तुले खोटं बोलता येत नाई, लहानपणापासून नाई येत. अन् गोंदियाचा मिस्त्री पहिल्या झटक्यात सांगंन, तेलानं सडला म्हून. गुलाबचंदच्या तोंडून तिच्या कानावर याले किती वेळ?" उदारामनं हातातलं रोप पाण्यात टाकलं. "तिले धराले कोणी पाहिजे, भोज्या. बैलाच्या वेळी कोणी सापडलं नाई, म्हून तिनं सोताले धरलं. आता मी हावो धराले. धरू दे."

"दादा, तुही शपथ खरी हाये!"

"मले मालूम हाये. तुले मालूम झालं. बस."

"ती तुह्याशी कधी बोलणार नाई."

"पण जिती राहंन त. रागानं माणूस जगते." तो धुऱ्यावर चढला. त्याची पावलं जड होती. "ट्यूबा गोंदियाले नोको धाडू. विहिरीमागं पुरून टाक, कोणी पाहायच्या आधी. अन् घरात माह्यावर थुंकला तरी चालंन. थुंकच. नाई त ती वळखंन."

*

अनुसयानं नवऱ्याला येताना पाहिलं आणि तिला समजलं की काहीतरी ठरवून आला आहे. पंचवीस वर्षांच्या संसारात ती एवढं ओळखायला शिकली होती. त्याच्या मागं भोजराज होता. दोघे एकत्र आले याचा तिला क्षणभर आनंद झाला. भावाभावांचं मिटलं असेल, असं त्या बिचारीला वाटलं.

दमणी जुंपून दारात उभी होती. गुलाबचंद बैलांच्या जोत्याशी उगाच काहीतरी करत होता. देवका आईला समजावत होती आणि धुरपताबाई सपरीच्या खांबाला टेकून बसली होती. सकाळपासून तिनं पाण्याचा घोट घेतला नव्हता. मुलानं माझ्या डोक्यावर खोटी शपथ वाहिली, मग मी अजून जिवंत कशी, हा प्रश्न तिनं सकाळपासून तीनदा विचारला होता, आणि आता तिची नजर राहून राहून बोडीच्या वाटेकडे जात होती. अनुसयानं ती नजर ओळखली आणि ती दारातून हलली नाही.

"माय," उदाराम म्हणाला.

तिनं मान फिरवली.

"माय, मीच काढत होतो हवा."

अनुसया पुढं झाली. हे खोटं आहे, हे तिला जेवढं पक्कं ठाऊक होतं तेवढं जगात कोणालाच नव्हतं. हा माणूस रोज पहाटे तिच्या शेजारी घोरत पडलेला असायचा. "तुमी काय बोलून राहिले? आत्याबाई, हे त..."

"चूप राह्य," उदाराम म्हणाला. लग्न झाल्यापासून तो तिच्यावर कधी असा ओरडला नव्हता. मग त्यानं तिच्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेत हुकूम नव्हता, हात जोडणं होतं. ती थांबली. कारण तिला कळलं नाही. ते तिला पुढं बऱ्याच दिवसांनी, भोजराजकडून कळायचं होतं. पण ती थांबली.

"काऊन?" म्हातारीनं विचारलं. आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा होता. "काऊन केलं बाबू असं?"

उदारामकडे कारण तयार नव्हतं. शेतापासून घरापर्यंतच्या वाटेत त्यानं सगळ्याचा विचार केला होता, याचा नव्हता.

"भोज्याचं नाव होत होतं गावात," तो म्हणाला. "मले पाहवलं नाई."

भोजराजनं थुंकायचं होतं. तसं ठरलं होतं. त्याला ते जमलं नाही. तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, आणि त्याच्या पाठीचं हलणं पाहून धुरपताबाईला वाटलं, पोराला भावाचं पाप सहन होत नाही. तिला त्याची दया आली. तिनं पदरानं डोळे पुसले, सरळ बसली, आणि सकाळपासून पहिल्यांदा तिच्या अंगात जोर दिसला. बोडीच्या वाटेकडे तिनं पुन्हा पाहिलं नाही.

"अनुसया, मले पाणी दे," ती म्हणाली. पाणी प्याली, गडवा खाली ठेवला आणि थोरल्याकडे पाहून बोलली, हळू, पण दमणीजवळच्या जावयालाही ऐकू जाईल असं. "मी मरंन तवा तू माह्या तोंडात पाणी नोको टाकू. भोज्या टाकंन. तू आगीलेही हात नोको लावू. माहा थोरला पोट्टा बैलासंगं मेला, असं मी धरते."

"बरं, माय," उदाराम म्हणाला.

तो तिच्या पाया पडायला खाली वाकला, तर तिनं पाय ओढून घेतले.